पंच बॉलकडे बघतच नाही, मग आरडाओरडा कशाला

व्हॉलीबॉलच्या मॅचमध्ये पंचाने शिट्टी वाजवली की बाजूला बसलेले अर्धे लोक "अरे काय दिलं हे" म्हणून ओरडतात आणि शिट्टी नाही वाजवली तर उरलेले अर्धे ओरडतात. बरीच मॅच खेळून, बघून आणि अधूनमधून स्वतः शिट्टी तोंडात धरून माझं मत असं झालंय की आपण सगळे बॉलच्या मागे डोळे पळवतो आणि पंच मात्र हात, पाय नाहीतर जाळी बघत असतो, आणि बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

डबलचंच घ्या, म्हणजे एकाच खेळाडूचा बॉलला लागोपाठ दोनदा हात लागणं. सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी बॉल वर उचलून देणाऱ्याच्या, हातून बॉल गरागरा फिरत निघाला की सगळे "डबल डबल" करतात. पण फिरणं हा काही फॉल्ट नाहीये! दोन्ही हात एकाच वेळी लागले पण एका हाताचा जोर जास्त पडला तरी बॉल फिरतो. पंच बघतो ते फक्त बॉल हाताला लागतो तो क्षण, एक हात आधी आणि दुसरा नंतर लागला का एवढंच. आणि टीमच्या पहिल्या टचला तर डबलचा प्रश्नच येत नाही, सर्व्हिस घेताना किंवा स्मॅश उचलताना बॉल मनगटाला लागून छातीला आपटला तरी चालतं, फक्त ते सगळं एकाच हालचालीत झालं पाहिजे. बॉल पकडला किंवा फेकला तर मात्र पहिल्या टचलाही फॉल्टच. तसंच खालून उघड्या तळव्याने बॉल काढला की लगेच लिफ्ट (बॉल धरून उचलल्याचा फॉल्ट), हाही एक जुना गैरसमज, बॉल हातात थांबला नाही आणि लागून सरळ उडाला तर तळवा असो नाहीतर मूठ, काही फरक पडत नाही. अर्थात "थांबला" म्हणजे नक्की किती हे शेवटी पंचाच्या नजरेवर आहे आणि इथे एक पंच कडक, दुसरा ढिला असं होतंच, ते मान्य करायलाच लागतं. अमेरिकेतल्या महिलांच्या कॉलेज व्हॉलीबॉलने तर 2024 पासून दुसऱ्या टचचा डबल फॉल्टच काढून टाकला, बॉल आपल्याच बाजूला राहणार असेल तर. मला तो निर्णय आवडला नाही, सेटरची कला मग राहिली कुठे?

ब्लॉकबद्दल, म्हणजे जाळीजवळ हात वर करून समोरचा स्मॅश अडवण्याबद्दल, एकच, ब्लॉकचा टच टीमला मिळणाऱ्या तीन टचमध्ये धरत नाहीत. बॉल ब्लॉकरच्या बोटाला घासून आत आला तरी पुढे पूर्ण तीन टच मिळतात आणि त्यातला पहिला तोच ब्लॉकर घेऊ शकतो. "चार झाले" म्हणून ओरडणाऱ्यांना ते बोट दिसलेलंच नसतं.

आता नेट टच. हा नियम मधल्या काळात बदलला होता, काही वर्षं फक्त वरच्या पट्टीला लागलं तरच फॉल्ट असायचा, त्यामुळे जुने खेळाडू अजून त्यावरच वाद घालतात. सध्या दोन अँटेनांच्या (जाळीच्या दोन्ही कडांना लावलेल्या उभ्या काठ्या) मध्ये जाळीला कुठेही लागलात आणि तेव्हा बॉल खेळण्याच्या हालचालीत असलात तर फॉल्ट. ही हालचाल उडी मारल्यापासून नीट जमिनीवर येईपर्यंत धरतात, म्हणून स्मॅश मारून झाला, बॉल तिकडे पडायला आला आणि खाली येताना छाती जाळीला लागली तरी गेला पॉइंट. उलट बॉल जाळीवर आपटून जाळीच तुमच्या अंगावर आली तर तुमचा काही दोष नाही. खाली उभा असलेला दुसरा पंच यासाठीच बॉल पलीकडे गेला तरी मान वळवत नाही, तो ब्लॉकर्सकडेच बघत राहतो. जाळीखालच्या मधल्या रेषेचंही तसंच, पाय पलीकडे गेला म्हणजे संपलं असं नाही, पावलाचा थोडा भाग जरी रेषेवर किंवा रेषेच्या वर हवेत असला तरी चालतं.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र जाळीपासून तीन मीटरवरच्या रेषेचा, मागच्या रांगेतल्यांनी जिच्या पुढून स्मॅश मारायचा नसतो. मागच्या रांगेतला खेळाडू रेषेच्या मागून उडाला आणि पुढे येऊन पडला तर बरोबर आहे, बघायचं ते उडताना पाय कुठे होते. उडताना रेषेवर पाय पडला तर फॉल्ट, पण तेही मारताना बॉल पूर्ण जाळीच्या वर असेल तरच. म्हणजे मागच्या रांगेतला सेटर पुढे येऊन जाळीच्या वरचा बॉल हळूच पलीकडे टाकतो तेव्हा तो फॉल्ट असतो, आणि गल्लीतल्या मॅचमध्ये हे राजरोस चालतं.

लिबेरोचं, म्हणजे वेगळ्या रंगाची जर्सी घातलेल्या, फक्त बचावासाठी असलेल्या खेळाडूचं, अजून मजेशीर. त्याने पुढच्या भागात येऊन बोटांनी सेट दिला आणि त्यावर कोणी जाळीच्या वरून मारलं तर फॉल्ट. त्यामुळे पंच सेट दिल्यावर गप्प असतो आणि मारल्यावर शिट्टी वाजवतो, लोकांना वाटतं याला उशिरा सुचलं. अहो, फॉल्टच तेव्हा होतो! तोच सेट लिबेरोने अंडरहँड दिला असता तर काहीच नाही.

एवढं सगळं करून शंका असेलच तर विचारायचा हक्क मैदानातल्या कॅप्टनला आहे, आणि तोही सभ्यपणे. सहाच्या सहा जण पंचाच्या खुर्चीला घेराव घालतात तेव्हा वॉर्निंग किंवा कार्ड मिळतं आणि तेव्हा मग पंचाला शिव्या घालून उपयोग नसतो.