सहा किलोच्या मांजराला साडेचार किलोवर आणताना

घरातलं मांजर जाड झालंय हे घरच्यांना सगळ्यात उशिरा कळतं, कारण ते रोज डोळ्यांसमोर असतं. म्हणून नजरेपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. आधी आपलाच हात पालथा धरून दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या पाठीवरून फिरवा. पातळ कातडीखाली हाडं लागतात. मांजराच्या बरगड्या हाताला अशाच लागल्या पाहिजेत. मूठ वळल्यावर बोटांची हाडं टोचतात तशा त्या लागल्या, तर मांजर रोड आहे. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं आणि बरगड्या दाबून शोधाव्या लागल्या, तर वजन वाढलंय. मग वरून बघा, बरगड्यांच्या मागे कंबर थोडी आत गेलेली दिसते का? मागच्या पायांमध्ये लोंबणारी सैल कातडी मात्र निरोगी, सडपातळ मांजरालाही असते, तिच्यावरून निकाल लावू नका. शेपटीच्या मुळाशी कोंडा किंवा केसांच्या गाठी दिसत असतील, तर चाटायला मान तिथवर पोचत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो.

वजनाचं लक्ष्य ठरवायला सगळ्यात चांगला आकडा बहुधा तुमच्याच फायलीत असतो. मांजर साधारण वर्षाचं झालं तेव्हा लसीकरणाच्या कार्डावर लिहिलेलं वजन बघा, तेव्हा अंगाने ठीक असेल तर तेच लक्ष्य. ते नसेल तर व्हेटकडून ठरवून घ्या. तिथे जायचंच आहे: रक्तातली साखर, किडनी, लिव्हर तपासून घ्यायला, आणि सांधे दुखतात का ते बघायला. सांधे दुखणारं मांजर हलत नाही आणि आपण त्याला आळशी म्हणत राहतो. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, तर खाणं परस्पर कमी करू नका. खाणं घटलं आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मांजराला उपाशी ठेवून बारीक करता येत नाही. "एक-दोन दिवस काही देऊ नका, भूक लागली की मुकाट्याने खाईल" हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो आणि त्यात मांजरं दगावतात. पोटात अन्न गेलं नाही की अंगातली चरबी मोठ्या प्रमाणात लिव्हरकडे धाव घेते. मांजराच्या लिव्हरला ती झपाट्याने वापरता येत नाही, ती तिथेच साठते आणि लिव्हर काम थांबवायला लागतं. मांजर जितकं जाड, तितका हा धोका जास्त, आणि दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानेही तो सुरू होऊ शकतो. जाड मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा. हिरड्या, कानांची आतली बाजू किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला, लाळ गळायला लागली, उलट्या झाल्या, तर फोनही नको, थेट घेऊन जा. नवीन खाणं सुरू करतानाही हेच लक्षात ठेवा. आठ-दहा दिवसांत, आधी पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण, असं बदला. त्याने तोंड फिरवलं तर जुन्यावर परत या. हट्टाला पेटून मांजराशी जिंकता येत नाही.

म्हणजे खाणं द्यायचं, पण मोजून. नसबंदी झालेलं, फ्लॅटमध्येच राहणारं ६ किलोचं मांजर आहे आणि त्याचं योग्य वजन ४.५ किलो आहे असं धरू. हिशेब योग्य वजनावर करायचा, आजच्या वजनावर नाही. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ४.५ × ४.५ × ४.५ करा, येणाऱ्या उत्तराचं वर्गमूळ दोनदा घ्या. ३.०९ येतं. त्याला ७० ने गुणा: २१६. ही विश्रांतीच्या अवस्थेतली दिवसाची गरज, किलोकॅलरीत. वजन उतरवायला यातले ८० टक्के, म्हणजे १७३. योग्य वजन ४ किलो असेल तर हाच आकडा १५८ येतो.

पुढचा आकडा पाकिटावर शोधायचा. बऱ्याच पाकिटांवर प्रतिकिलो किलोकॅलरी छापलेल्या असतात. नसतील तर टक्केवारीवरून काढता येतात: प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी ३.५ ने गुणा, स्निग्धांश ८.५ ने, आणि बेरीज करा. कर्बोदकं सहसा लिहिलेली नसतात. १०० मधून प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खाण्यातली खनिजं) वजा केली की उरतात ती. राख लिहिली नसेल तर ड्राय फूडसाठी ८ धरा. समजा प्रथिनं ३२, स्निग्धांश १२, तंतू ५, पाणी १०, राख ८. कर्बोदकं उरली ३३. एकूण १०० ग्रॅमला साधारण ३३० किलोकॅलरी, ग्रॅमला ३.३.

आपल्या मांजराचा दिवस मग असा: ८५ ग्रॅमचं वेट फूडचं एक पाऊच, समजा ६५ किलोकॅलरीचं. बिनमिठाचं, कातडी काढलेलं उकडलेलं चिकन १० ग्रॅम, साधारण १५. उरलेल्या ९३ मध्ये २८ ग्रॅम ड्राय फूड. अठ्ठावीस ग्रॅम म्हणजे किती कमी, हे काट्यावर ठेवल्यावर कळतं. हाताने टाकलेली एक मूठच पंधरा-वीस ग्रॅमची होते. म्हणून वाटी, कप, अंदाज सगळं बाजूला ठेवून एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. याच्याशिवाय बाकीचा हिशेब व्यर्थ आहे. पाकिटामागचा तक्ताही आजच्या वजनाप्रमाणे वाचू नका, तसं केलं तर जाड मांजराला जाड ठेवण्याइतकं खाणं मिळतं.

वजन योग्यपेक्षा २० टक्क्यांहून जास्त असेल, आणि आपलं उदाहरण त्यातलंच आहे, तर वजन उतरवण्यासाठीचं खास खाणं व्हेटला विचारून सुरू करणं चांगलं. नेहमीचं खाणं खूप कमी केलं की कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी होतात, आणि चरबीऐवजी स्नायू झिजतात. खास खाण्यात ते भरून काढलेलं असतं. हिशेब तोच, फक्त पाकिटावरचा आकडा बदलतो. नुसतं चिकन-भात किंवा मासे-भात मात्र कायमचं खाणं म्हणून नको. त्यात मांजराच्या गरजेची सगळी पोषकद्रव्यं योग्य प्रमाणात नसतात. टॉरिन हे त्यातलंच एक, ते कमी पडलं तर हृदयाचे स्नायू ढिले पडतात, नजरही जाते. टॉरिनचा आणि हृदयाचा हा संबंध १९८७ साली उघड झाला, त्यानंतर तयार खाण्यांतलं टॉरिन वाढवलं गेलं.

खरी गळती असते ती घरातल्या हातांतून. आजी सकाळी बशीत दूध घालते, मुलं पनीरचा तुकडा देतात, जेवताना कुणी तूप लावलेली पोळी टाकतं, मासे साफ करताना डोकी बाजूला पडतात. म्हशीचं ५० मिली दूध म्हणजे साधारण ५० किलोकॅलरी, आपल्या मांजराच्या दिवसातला पाव हिस्सा त्यातच गेला. चमचाभर तूप, म्हणजे ५ ग्रॅम, तेही ४५. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. सुक्या बोंबलात मीठ फार असतं, आणि कालवणात कांदा-लसूण असतो, तो मांजराला विषारी आहे.

यावर ओरडून उपयोग होत नाही, बरणी ठेवून होतो. रोज सकाळी एकाच माणसाने दिवसाचं ड्राय फूड मोजून एका छोट्या बरणीत भरायचं, आणि ज्याला कुणाला द्यायचं असेल त्याने त्या बरणीतूनच द्यायचं. बरणी रिकामी झाली की दिवस संपला. आजींचा देण्याचा आनंद जात नाही, फक्त दुधाच्या जागी चार दाणे येतात. शेजारी किंवा वॉचमन खायला घालत असतील तर त्यांनाही सांगा.

दिवसभर भरलेला वाडगा बंद. चार-पाच वेळा थोडं थोडं द्या, शेवटचं झोपायच्या आधी. मांजर पहाटे चारला उठवत असेल तर उठून खायला देऊ नका, एकदा दिलंत की ते रोज चारला येईल. वेळ लावता येणारा फीडर मिळतो, मग ते तुमच्याऐवजी त्या डब्याशी जाऊन बसतं. वेट फूडमध्ये एक-दोन चमचे कोमट पाणी मिसळा, पोट भरल्यासारखं वाटतं आणि लघवीच्या त्रासासाठीही ते चांगलं.

घरात दोन मांजरं असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून, वीस मिनिटं. उरलेलं लगेच उचला. सडपातळ मांजर उंच उडी मारू शकत असेल तर त्याचा वाडगा कपाटावर ठेवूनही भागतं.

खेळाने वजन फारसं उतरत नाही, पण स्नायू टिकतात आणि कंटाळ्याने मागणं कमी होतं. जेवणाआधी पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा पुरे. धापा टाकेपर्यंत पळवू नका. दाणे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये टाका, पंजाने काढून खाऊ दे. दोरीचं खेळणं खेळून झालं की कपाटात ठेवा. गिळलेली दोरी आतडी कापते, आणि संक्रांतीनंतर घरात पडलेला मांजा तर हमखास.

वजन दर दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर, सकाळी खाण्याआधी. माणसांच्या काट्यावर मांजर घेऊन उभं राहून वजाबाकी केली तर १०० ग्रॅमची चूक सहज होते. लहान बाळांचा १० ग्रॅमचा काटा घ्या, किंवा दवाखान्यात नेऊन बघा. ६ किलोच्या मांजराने आठवड्याला ३० ते ६० ग्रॅम गमवावेत. म्हणजे दीड किलो उतरायला सहा महिने ते वर्ष. आठवड्याला १२० ग्रॅमच्या पुढे उतरायला लागलं तर खाणं १० टक्क्यांनी वाढवा. तीन-चार आठवडे काटा हललाच नाही, तर आधी गळती शोधा, ती बहुतेक वेळा सापडतेच. नाही सापडली तर ५ ते १० टक्के कमी करा. १५० किलोकॅलरीच्या खाली मात्र व्हेटला विचारल्याशिवाय जाऊ नका.

साडेचार किलो झालं की एकदम जुन्या वाडग्यावर परत जाऊ नका. नसबंदीनंतर गरज आधीच कमी झालेली असते, भूक मात्र वाढलेली. दर दोन आठवड्यांनी १० टक्के वाढवत जा, आणि वजन सलग महिनाभर एका जागी थांबेल तो आकडा बरणीवर चिकटवून ठेवा. त्यानंतर महिन्यातून एकदा वजन केलं तरी चालेल.