मागून रिकामी येतेय

9 मे 2025, शुक्रवार. मुंबईत बेस्टच्या बसचं भाडं वाढलं तो दिवस. माझी सकाळपाळी होती, गाडी एसी, कुर्ला स्टेशन पश्चिम ते अंधेरी आगरकर चौक. डेपोत आदल्या दिवसापासून एकच विषय, उद्या पब्लिक आपल्याला खाणार. साध्या गाडीचं कमीत कमी तिकीट 5 चं 10 आणि एसीचं 6 चं 12, म्हणजे सरळ डबल. 2019 ला हेच साधं तिकीट 8 वरून 5 वर आणलेलं तेव्हा कोणी येऊन आम्हाला पेढे दिले नव्हते हां, पण वाढलं की ऐकून घ्यायला कंडक्टरच समोर असतो. त्यात मी बाई. बाईला लोक शिव्या देत नाहीत पण सुनावतात पोटभर.

मला स्वतःला भांडणापेक्षा सुट्ट्यांचं टेन्शन जास्त होतं. 12 हा आकडाच असा आहे ना की समोरचा 20 ची नोट देणार आणि आपण 8 परत करायचे, म्हणजे एक पाचचं नाणं, एक दोनचं, एक एकचं, आणि हे प्रत्येकाला. 6 होते तेव्हा निदान एक पाच आणि एक रुपया खिशात घेऊन चढणारे तरी होते. त्यामानाने अंधेरीपर्यंतचं 13 चं 20 झालं ते कंडक्टरच्या दृष्टीने बेस्ट काम, नोट घ्या तिकीट द्या विषय संपला, प्रवाशाचं काय व्हायचं ते होवो. तर मी घरातल्या डब्यातली चिल्लर उपसून पिशवी भरूनच निघाले.

आणि पहिल्या ट्रिपांना झालं काय, तर काहीच नाही. सगळी जनता मोबाईलमध्ये, तेव्हा पाकिस्तानच्या सीमेवर जे चाललं होतं त्याच्या बातम्या बघत, बारा बोलले तर बारा देत होते. एक मावशी फक्त अडल्या, "एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ना, मग हितं डबल का?" मी म्हटलं मावशी ती एसटी, ती राज्य सरकारची योजना, ही मुंबईची बस. "मग मी काय मुंबईची बाई नाय का?" यावर काय बोलणार. मोजून बारा रुपये हातावर ठेवले त्यांनी, ते पण सगळी नाणी, मी मनातून त्यांच्या पायाच पडले.

खरं रामायण झालं ते नऊनंतर कुर्ल्याहून सुटताना. आम्ही अंधेरीहून आलो तेव्हा साकीनाक्याला नेहमीसारखं जाम होतं, तिथेच वेळ गेला, आणि इकडे स्टँडवर आमच्या आधीच्या दोन गाड्या आल्याच नव्हत्या. एक बंद पडली म्हणे आणि दुसरीवर ड्रायव्हर नाही. आता गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे, कंडक्टर बेस्टचा, त्यामुळे स्टार्टरला, म्हणजे स्टँडवरून गाड्या सोडणाऱ्याला, पण विचारलं तर तो फोन कानाला लावून नुसते हात हलवतो. लाईन स्टँडच्या बाहेर गेलेली. लोक पाऊण तास उभे होते, मे महिन्याच्या उन्हात, आणि आमची गाडी लागल्या लागल्या लाईनबिईन सगळं विसरून चढले. मी आत पुढच्या सीटच्या दांड्याला चिकटून उभी, पाय ठेवायला जागा नाही.

या नवीन इलेक्ट्रिक गाड्यांचं एक आहे, दार पूर्ण लागल्याशिवाय गाडी हलतच नाही. जुन्या लाल गाडीला दारच नव्हतं, लटकणारे लटकायचे, घंटी मारली की निघाली. इथे पायरीवर एक जण उभा, पाठीवर बॅग, बॅग दारात. दार लागायला येतं, बॅगेला टेकतं, परत उघडतं. ड्रायव्हर बीडकडचा पोरगा, नवीनच, तो आरशात बघून ओरडतोय "ओ बॅग, ओ बॅग", मागे रिक्षावाल्यांचा हॉर्न चालू. मी म्हटलं दादा एक माणूस उतरा, मागून रिकामी येतेय.

अख्खी बस हसली. एक जण बोलला, "मॅडम, ये डायलॉग तो ट्रेनिंग में सिखाते हैं क्या?"

बरोबरच आहे त्यांचं, आम्ही सगळे कंडक्टर वर्षानुवर्षं हेच बोलत आलोय, येत असो नसो. पण त्या दिवशी ती खरंच येत होती! तिच्यावर माझीच मैत्रीण कंडक्टर होती आणि तिचा मला मेसेज होता की आम्ही कमानी स्टॉपला पोचलो, स्टँडवर येऊन वळतो. हे कोणाला पटवणार. पायरीवरचा म्हणाला, "तिकीट डबल केलं ना? मग आधी गाड्या डबल करा, मी उतरणार नाही." दुसरा एक सिक्युरिटीच्या ड्रेसमधला, तो तर हात जोडून बोलला, "ताई बाराचे पंधरा घ्या, रिक्षाला यापेक्षा जास्तच जातात माझे, पण लेट झाला की अर्धा दिवस कापतात तो कोण देणार?" हे ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की सकाळपासून ज्या भांडणाची मी तयारी केली होती ते हे नव्हतंच. पूर्ण गाडीत रुपयावरून एक माणूस तणतणत नव्हता, जो तो घड्याळावरून तणतणत होता. शेवटी बॅग पोटाशी घेतली त्याने, दार लागलं, निघालो.

तिकिटं कशी काढली विचारू नका. नोटा हातोहात पुढे येतायत, मी मशीनमधून तिकीट काढून आठ रुपये त्यात गुंडाळून मागे पाठवतेय, मध्ये एक रुपया पडला की चार जण वाकून शोधतायत. ॲपवाल्यांचं तर त्याहून अवघड, नोट पुढे पाठवता येते, फोन कोण कोणाच्या हातात देईल?

बैल बाजार गेला, प्रत्येक स्टॉपवर थांबायचं, दार उघडायचं, एक उतरणार तीन चढणार, परत दार लागेना. आणि जरीमरीला आम्ही स्टॉपवर उभे असताना उजवीकडून ती गेली. आमचाच नंबर, आमचीच पाटी, आत मोजून पाच-सहा माणसं, सगळी खिडकीत. माझ्या मैत्रिणीने मला हात पण केला, तिला काय माहीत इथे काय चाललंय.

एक क्षण गाडीत कोणी काही बोललं नाही आणि मग सगळे एकदमच बोलायला लागले. "ती बघा, ती बघा!" "आधी सांगायचं ना!" एकाने मोबाईल काढून माझं शूटिंग सुरू केलं. तेव्हा मागून कोणीतरी बाई ठणकावून बोलली, "ती सांगत होती रे बाबा, तुम्हीच दात काढले!" सिक्युरिटीवाल्याने विचारलं हे तिकीट त्या गाडीत चालेल का. नाही चालत, आपली गाडी बंद पडली तरच दुसऱ्या गाडीत बसवून देता येतं, गर्दी झाली म्हणून नाही. नियम मला पण पटत नाही पण तिकडे माझी सही चालत नाही.

लोकांना वाटतं आम्ही चहा पीत बसतो आणि मग तीन गाड्या एकदम सोडतो. तसं नसतं हो. एक गाडी कुठेतरी दहा मिनिटं अडकली की पुढच्या प्रत्येक स्टॉपवर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात, ती चढेपर्यंत अजून उशीर, म्हणजे अजून माणसं. मागचीला सगळे स्टॉप रिकामे मिळतात म्हणून ती पळत येते आणि पुढचीला गाठते. ड्रायव्हर कितीही चांगला असू दे, आपोआप होतं हे. त्यात मधल्या दोन गाड्या गायब असल्या की विचारूच नका.

यावर उपाय एकच, कोणाला तरी थांबवून ठेवायचं. आगरकर चौकात पोचलो तर स्टार्टरने तेच केलं, मैत्रिणीची गाडी सोडली आणि आम्हाला सांगितलं वीस मिनिटं उभी करा, गॅप पाडायचाय. म्हणजे कागदावर एकदम करेक्ट. पण स्टॉपवर जी माणसं उभी होती त्यांना दिसतंय काय, तर एसी गाडी उभी, आत कंडक्टर ड्रायव्हर बसलेत, दार बंद. पाच मिनिटांत काचेवर टकटक. एक काका. "ओ मॅडम, गाडी सोडत का नाही?" मी सांगितलं काका, मागेपुढे अंतर ठेवायला थांबवलीय, आत्ताच एक गेली ना.

"ती भरून गेली. मी चढू नाही शकलो."

स्टार्टरकडे बघितलं तर तो परत फोनवर. मी ड्रायव्हरला म्हटलं दार उघड बाबा, बसू दे त्यांना आत, सुटू तेव्हा सुटू. काका पहिल्या सीटवर बसले, घाम पुसला, खिशातून 20 ची नोट काढली.

"चकाला एक. आणि सुट्टे नाहीत हां माझ्याकडे."