आमची वाटचाल : आधी लीकेज, मग गॅस

नागपुरात कार एसीचं काम आम्ही 1995 साली सुरू केलं, भाड्याच्या एका शटरमध्ये. गाड्यांत तेव्हा आर-12 गॅस असायचा आणि लीकेज शोधायला हॅलाइड टॉर्च, म्हणजे ज्योतीचा दिवा. टॉर्चची नळी एकेका जोडाशी फिरवायची. गॅस ओढला गेला की तापलेल्या तांब्याच्या पत्रीवर ज्योत हिरवी व्हायची. माझ्या भागीदारांना सगळे दादा म्हणत. ज्योतीची छटा जराशी बदलली तरी त्यांना कळायचं.

मग आर-134ए हा नवा गॅस आला. त्यात क्लोरीनच नाही, ज्योत हिरवी होणार कशी? ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारानं आपल्यासारख्या देशांना सीएफसी, म्हणजे आर-12 सारखे गॅस, बंद करायला 1 जानेवारी 2010 पर्यंत मुदत दिली होती, पण नव्या गाड्या त्याच्या कितीतरी आधी बदलल्या. दादांनी मोटारसायकल विकली आणि आम्ही पहिला इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर आणला. तो आजही कपाटात आहे, मी कुणाला हात लावू देत नाही. त्याची नळी जोडाच्या खालून, अगदी सावकाश फिरवावी लागते, कारण गॅस हवेपेक्षा जड. घाई करणाऱ्याला तो काही सांगत नाही.

मधली वर्षं बरी गेली. मग समोर नवं दुकान आलं.

बोर्डावर मोठ्या अक्षरांत, ‘दहा मिनिटांत गॅस टॉप-अप’. आमच्याकडे गाडी अर्धा दिवस उभी राहायची, तिकडे चहा होईपर्यंत थंड हवा. लोक वळले. आम्ही तयार केलेला मुलगा जास्त पगारावर तिकडे गेला, सोबत गिऱ्हाइकांची वहीही गेली. पारा पंचेचाळीसवर असताना आमच्या दारात एकही गाडी नाही, हे मी पाहिलंय. शटर सोडायची बोलणी झाली होती. त्यांनी स्वस्तात काम केलं याचा राग नाही. पण लीकेज बुजवायचं औषध मारलेल्या गाड्या शेवटी आमच्याकडेच यायच्या. ओलावा लागला की ते औषध घट्ट होतं. कॉइलमध्ये गॅस सोडणारे एक्सपान्शन व्हॉल्व्ह चोक व्हायचे, आमचं गॅस काढायचं मशीनही त्यानंच बसलं. त्याची भरपाई कुणी दिली नाही.

अशा दिवसांत वर्धेचे टॅक्सीवाले काका आले. पुढे-मागे दोन कूलिंग कॉइल असलेली त्यांची मोठी गाडी. पुतण्यानं समोरच्या दुकानातून वारंवार गॅस भरून घेतला होता आणि पंधरवड्यात कूलिंग जायचं. काका म्हणाले, “दादा, गाडी रात्रभर ठेवा, पण भोक दाखवा.”

पंपानं आतली हवा ओढून व्हॅक्यूम लावला, गेजचा काटा हलला नाही, म्हणजे गळती दिसली नाही. इथेच बरेच जण गाडी सोडून देतात. व्हॅक्यूममध्ये आत-बाहेरचा फरक जास्तीत जास्त 14.7 पीएसआय (दाबाचं माप), आणि एसी चालू असताना हाय साइडला, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला, 200 च्या वर प्रेशर. म्हणून रेग्युलेटर लावून 150 पर्यंत नायट्रोजन भरला. सकाळी गेज उतरलेलं. पुढच्या सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावला, काही नाही. शेवटी दादा खड्ड्यात उतरले आणि मागच्या कॉइलकडे जाणाऱ्या लाइनचे क्लॅम्प एकेक करून खोलले. मागच्या चाकाजवळच्या क्लॅम्पच्या रबराखाली चिखल साचला होता. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, आणि त्यातच तेलानं काळवंडलेला एक ओला डाग. फेस लावताच मोहरीएवढे बुडबुडे आले. काकांना खाली बोलावून दाखवले.

पाइप बदलला, जोडांत तेल लावून नव्या रबरी ओ-रिंगा बसवल्या, व्हॅक्यूम केला, गॅस वजनावर भरला. त्यानंतर वर्ध्याच्या स्टँडवरच्या गाड्या येऊ लागल्या. दुकान तगलं ते त्या गाड्यांवर.

आता विचारलं नसलं तरी सांगतो. कूलिंग कमी झालं की नुसता गॅस मारून घेऊ नका. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो कुठूनतरी जातोय. बिलावर किती ग्रॅम भरला ते लिहून घ्या, आणि कॉइल बदलली असेल तर जुनी मागा. शोधणाऱ्यानं नायट्रोजनऐवजी टायरमध्ये भरतात ती कॉम्प्रेसरची हवा भरायला घेतली तर थांबवा, तिच्याबरोबर ओलावा आत जातो. आणि हिवाळ्यातही आठवड्याला दहा मिनिटं एसी चालवा. तेल फिरलं नाही की एसीच्या कॉम्प्रेसरच्या दांड्यावरचं शाफ्ट सील सुकतं, आणि एप्रिलमध्ये पहिली गाडी तुमचीच आमच्याकडे येते.