लुचियानो एवढा मोठा कसा झाला?

गुन्हेगारी खटल्यांवर व्याख्यान दिले की कुणीतरी मला हमखास विचारते, शाळा अर्धवट सोडलेला एक गरीब इटालियन मुलगा अमेरिकेतल्या माफियाच्या शिखरावर कसा पोहोचला? विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडे कौतुक असते. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सिसिलीतल्या लेर्कारा फ्रिद्दी या गंधकाच्या खाणींच्या गावी १८९७ साली जन्मलेला साल्व्हातोरे लुकानिया, म्हणजेच पुढचा लकी लुचियानो, लहानपणीच आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आला आणि लोअर ईस्ट साइडच्या गजबजलेल्या वस्तीत वाढला. १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू झाली आणि रस्त्यावरच्या टोळ्यांच्या हाती अचानक प्रचंड पैसा खेळू लागला. जुने सिसिलियन म्होरके गाव आणि रक्ताचे नाते पाहून माणसे जवळ करत. लुचियानोने मात्र मायर लॅन्स्कीसारख्या ज्यू साथीदारांशी आयुष्यभराची भागीदारी केली. १९३१ च्या एप्रिलमध्ये त्याचाच म्होरक्या जो मासेरिया कोनी आयलंडच्या एका उपाहारगृहात मारला गेला. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, स्वतःला सर्वांचा प्रमुख म्हणवणारा मारांझानो पार्क अव्हेन्यूवरच्या आपल्या कार्यालयात, सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून आलेल्या मारेकऱ्यांच्या हातून संपला. एवढे झाल्यावरही लुचियानोने सर्वोच्च पदाचा किताब घेतला नाही. निरनिराळ्या टोळ्यांच्या प्रमुखांनी एकत्र बसून तंटे मिटवावेत, असे मंडळ त्याने उभे केले. त्याची बुद्धी कुठे दिसत असेल, तर ती इथे, हे मी मान्य करतो.

पण ही गोष्ट इथे थांबवणे मला पटत नाही, कारण त्याला खाली खेचण्याची सुरुवात जिच्या बारीक नजरेने झाली, तिचे नाव प्रश्न विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. युनिस कार्टर ही कृष्णवर्णीय वकील. वेश्याव्यवसायाचे खटले चालवताना तिच्या लक्षात आले, की वेगवेगळ्या कुंटणखान्यांतून पकडून आणलेल्या बायकांना सोडवायला तेच ते वकील आणि तेच ते जामीनदार येतात, त्यांच्या तोंडी तीच पढवलेली कहाणी असते आणि त्या सुटतातही. यामागे एकच संघटना असली पाहिजे, हे तिने ओळखले. थॉमस ड्युई यांची १९३५ मध्ये विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली होती आणि ती त्यांच्या पथकातली एकमेव स्त्री होती. वेश्याव्यवसायामागे लागायला ड्युई आरंभी नाखूश होते. तिने त्यांना राजी केले. १ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री शहरभर एकाच वेळी छापे पडले आणि पकडलेल्या बायका हळूहळू बोलू लागल्या. ज्यांच्या शब्दाला समाजात काडीची किंमत नव्हती, अशा बायकांनी, त्यातल्या काही अफूजन्य मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या असताना, भर न्यायालयात लुचियानोविरुद्ध साक्ष दिली. त्याचे ऐश्वर्य, वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया या आलिशान हॉटेलातले खोट्या नावाने घेतलेले बिऱ्हाड, हे सगळे मला या साक्षींच्या शेजारी ठेवूनच पाहता येते.

जूनमध्ये ६२ आरोपांवर तो दोषी ठरला आणि त्याला तीस ते पन्नास वर्षांची शिक्षा झाली. पुढे काही साक्षीदारांनी जबान्या फिरवल्या आणि या धंद्यात त्याचा प्रत्यक्ष हात किती होता, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. मात्र त्याचे अपील फेटाळले गेले. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्क बंदराच्या सुरक्षेसाठी नौदलाच्या गुप्तहेर विभागाने तुरुंगातल्या लुचियानोची मदत घेतली, आणि १९४६ मध्ये, आता गव्हर्नर झालेल्या त्याच ड्युई यांनी इटलीला हद्दपार होण्याच्या अटीवर त्याची शिक्षा कमी केली. १९६२ साली नेपल्सच्या विमानतळावर हृदयविकाराने तो गेला. जिवंतपणी ज्या न्यूयॉर्कमध्ये परतायची त्याला मुभा नव्हती, तिथल्याच क्वीन्समधल्या दफनभूमीत त्याला पुरले. कार्टर त्याच शहरात १९७० पर्यंत जगली.