काळ्या पाटीची गाडी

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुणाच्या दारात गाडी उभी राहिली की लोक आधी पाटी बघतात. एमएच ०९ असली तर घरची. १२ असली तर पुण्याचे पाहुणे. ०२ नाहीतर ०३ असली की, "मुंबईचं कोण आलंय रं?" डिसेंबरात मी जी इनोव्हा गल्लीच्या तोंडाशी आणून लावली, तिचा नंबर वाचायच्या आधीच माणसं थबकत होती. पाटी काळी आणि अक्षरं पिवळी.

झालं असं की ताई आणि दाजी तीन वर्षांनी अमेरिकेहून येणार होते, दोन्ही पोरांसकट. चार तिकिटं, माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा, म्हणजे आठ बॅगा आणि १८४ किलो. माझ्या वॅगनारमध्ये एवढं सामान बसलं असतं, पण मग माणसं मागून एसटीनं आणावी लागली असती. उजळाईवाडीला आपलं विमानतळ आहे, मार्च २०२४ मध्ये नवं टर्मिनल झालंय, मुंबईचं विमानही आहे. पण वेगळं तिकीट काढून देशातल्या विमानात बसायचं तर सामानाची मर्यादा साधारण पंधरा किलो, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. कोल्हापुरातून ड्रायव्हरसकट गाडी न्यावी, तर रिकामी जातानाचे किलोमीटरही आपल्याच माथी. शिवाय दाजींना आठ दिवस दारात गाडी हवी होती. जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, कुठंही मनात येईल तेव्हा निघायचं.

म्हणून ठरलं, मुंबई विमानतळावरच सेल्फ-ड्राइव्ह गाडी घ्यायची. आठ दिवसांचे अडतीस हजार आणि दहा हजार डिपॉझिट. आण्णांनी आकडा ऐकला आणि चहाचा कप खाली ठेवला. "अडतीस हजारात निम्मी म्हस आली असती."

गाडी शोधताना मी एकच हट्ट धरला, पाटी काळीच हवी. मोबाईलवर त्याहून स्वस्तात गाड्या दिसतात, पण त्यातल्या काहींची पाटी पांढरी असते. पांढरी म्हणजे खाजगी नोंदणी. ती गाडी भाड्यानं फिरवणं नियमात बसत नाही, आणि रस्त्यात काही घडलं की विमा कंपनी हात वर करायला मोकळी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायची भाड्याची गाडी. एवढं कळलं तरी निम्मी फसवणूक टळते.

रात्री महालक्ष्मी पकडली, सकाळी सीएसएमटीला उतरलो. पूर्वी इथून सहारच्या विमानतळावर जायचं म्हणजे अंधेरीपर्यंत लोकल आणि पुढं रिक्षावाल्याशी वाद. आता ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ सगळी सुरू झालीय. सीएसएमटीला जमिनीखाली शिरलो आणि थेट विमानतळाच्या टर्मिनल दोनला, टी २ ला, वर आलो. घाम नाही, धक्के नाहीत. मुंबईत आल्यासारखं वाटलंच नाही म्हणा.

गाडी मिळणार होती बहुमजली पार्किंगमध्ये. मला वाटलं होतं काउंटर असेल, टाय घातलेला माणूस असेल. खांबाला टेकून एक पोरगा उभा होता, हातात मोबाईल, गळ्यात ओळखपत्र. लायसन्स बघितलं, ओटीपी मागितला आणि घाई सुरू केली. "काका, लवकर सही करा, पार्किंगचं मीटर चालू आहे."

घाई त्याला होती, मला नव्हती. मेहुण्याच्या लग्नात भाड्याच्या गाडीनं आम्हाला एकदा चांगलाच धडा दिलाय. मी मोबाईलचा कॅमेरा सुरू केला आणि गाडीभोवती देवळाला घालतात तशी प्रदक्षिणा घातली. पुढचा बंपर, चारी दारं, चाकांच्या कडा, आरसे, काच. पार्किंगमध्ये उजेड कमी असतो आणि ओरखडे तिथंच लपतात, म्हणून टॉर्च लावून बघितलं. मागच्या बंपरला डावीकडं वीतभर ओरखडा होता, आत पांढरं प्लास्टिक दिसत होतं. त्याच्या ॲपमधल्या चित्रावर तो नव्हताच.

"हा टाका त्यात," मी म्हणालो.

"काका, त्याचं काही होत नाही."

"होत नसेल तर टाकायला काय हरकत आहे?"

त्यानं टाकला. तरीही मी बोट लावून, मागं गाडीचा नंबर दिसेल असा, वेगळा व्हिडिओ घेतला. मग किलोमीटर वाचले, ४८,२१२. डिझेलचा काटा पाऊण टाकीवर. स्टेपनी, जॅक, पीयूसी, विम्याचा कागद, सगळं बघितलं. करारात दिवसाला २५० किलोमीटर, म्हणजे आठ दिवसांचे दोन हजार, आणि उरलेल्याचे पैसे परत नाहीत. गाडी चालवणार मी एकटाच, बाकी कुणाचं नाव नाही.

एवढं सगळं करून एक गोष्ट राहिलीच. ती पुढं येते.

ताई बाहेर आली, सामानाच्या दोन ट्रॉल्या ढकलत. मला बघून ओरडली, "अरे मी कधीची आलो, तू कुठं होतास?" चौदा वर्षं झाली तिला तिकडं जाऊन, तरी "आलो"च. आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात, आणि पुण्याच्या लोकांना ते कानाला खटकतं तर खटकू दे. भाचीचं मराठी सगळं आईकडून आलेलं, त्यामुळं तीही म्हणाली, "मामा, मी दमलो."

दाजी सरळ उजव्या बाजूनं दार उघडून आत बसायला गेले. समोर स्टिअरिंग. परत फिरून डावीकडं आले. त्यांचं इथलं लायसन्स कधीच संपलंय, त्यामुळं चालवायचा प्रश्न नव्हता, पण सल्ल्याला लायसन्स लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर म्हणे भाड्याच्या गाड्यांची वेगळी इमारतच आहे, टर्मिनलवरून एअरट्रेननं जायचं, किल्ली घ्यायची, निघायचं. मी विचारलं, मग तिथं फसवत नाहीत का? हसले. "फसवतात की. काउंटरवर विमा गळ्यात मारतात. गाडीचं भाडं परवडतं, विमा नाही."

सात बॅगा मागं बसल्या. आठवी ताईच्या पायापाशी, त्यात खोबरेल तेलाची बाटली फुटलेली. कोल्हापूरला येताना अमेरिकेतून खोबरेल का आणावं, ते मी विचारलं नाही.

सहार उन्नत मार्गावरून हायवेला, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यानं पुढं, वाशीचा नाका. दाजींनी सवयीनं पाकीट काढलं. छोट्या गाड्यांना मुंबईच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही म्हटल्यावर त्यांना आधी पटलंच नाही. पुढं कळंबोलीपासून एक्स्प्रेस वे. तिथं मात्र कारचे ३२० रुपये, आणि वेग शंभराच्या आत. गाडीत कंपनीचा जीपीएस असतो, आपण किती पळवली ते त्यांना घरबसल्या दिसतं. खंडाळ्याचा घाट पोरांनी झोपेत पार केला.

पुण्याबाहेर पडलो आणि खेड शिवापूरला फास्टॅग नापास झाला. गाडीचा फास्टॅग कंपनीचा आणि त्यात पुरेसे पैसे नाहीत. पार्किंगमध्ये विचारायची राहिलेली गोष्ट हीच. मागं हॉर्नचा जाळ. नाक्यावरच्या माणसानं पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दुप्पट रोख घेतले. पुढं गाडी बाजूला घेऊन कंपनीला फोन लावला, त्यांनी अर्ध्या तासात पैसे भरले, म्हणजे माझ्याच बिलात. गाडी ताब्यात घेताना फास्टॅगमध्ये किती शिल्लक आहे त्याचा फोटो मागा. कुणी सांगत नाही हे.

खंबाटकी चढून उतरलो, आनेवाडी गेलं. साताऱ्याच्या पुढं पंपावर गेलो तर डिझेलची टाकी कुठल्या बाजूला ते ठाऊक नाही. उतरून बघणार इतक्यात भाचा म्हणाला, "मामा, काट्याजवळ बाण असतो." खरंच, डिझेलच्या खुणेशेजारी बारीक त्रिकोण, टाकीच्या बाजूला तोंड करून. वीस वर्षं गाडी चालवतोय मी.

कराड ते कोल्हापूर हा रस्ता मी डोळे झाकून चालवतो असं म्हणायचो. आता सहापदरीकरणाच्या कामानं दर दोन मैलाला वळण बदललेलं असतं. आणि डिसेंबर म्हणजे कारखाने सुरू. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही. कधी टेप वाजत असतो, त्यावरून ट्रॅक्टर पुढं आहे हे कळतं. एका ट्रॉलीच्या मागं आम्ही तासवड्यापासून चाललो होतो, कांडकी खाली पडत होती आणि पोरं त्यांचे फोटो काढत होती. स्वतःची गाडी असती तर मी बाजूनं काढली असती. भाड्याच्या गाडीला दहा हजार डिपॉझिट असतं, माणूस आपोआप सज्जन होतो.

किणीचा नाका झाला, पंचगंगा आली, तावडे हॉटेलच्या चौकातून शहरात वळलो. ताई गप्प झाली होती.

गल्लीत इनोव्हा शिरेना. दुचाक्या, एक टेम्पो, कुणाच्या तरी मांडवाचे बांबू. शेवटी तालमीच्या दारात लावली. तिथली पोरं अंगाला माती लावलेलीच बाहेर आली. "काका, ही काळी पाटी म्हंजे वकिलातीची काय?" मी म्हटलं, वकिलातीची निळी असते. "मग मंत्र्याची?" भाड्याची म्हटल्यावर जरा हिरमुसली. पण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हितंच. कोण हात लावतंय बघतो."

आई ताट घेऊनच आली. ताईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरांच्या पायावर पाणी घातलं, मग मोर्चा गाडीकडं वळला. मी म्हटलं, "आई, भाड्याची हाय. आठ दिवसांनी परत जायची." ती कुठं ऐकते. "आठ दिवस आपल्या दारात उभी ऱ्हाणार न्हवं?" बॉनेटवर पाच बोटांनी कुंकू ओढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मला बसून गाडी हातभर पुढं घ्यायला लावली. लिंबू फुटल्याचा आवाज आला तशी ती समाधानानं आत गेली.

आठ दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं आहे, पण ते गाडीचं नाही. अंबाबाईला जाताना मात्र गाडी बिंदू चौकातल्या वाहनतळावर लावा आणि चालत जा. महाद्वार रोडला भाड्याची गाडी घालणं म्हणजे डिपॉझिट देवीच्या पेटीत टाकणं. जोतिबाला पोरं गुलालानं माखून आली तेव्हा सीटवर आधी जुनी धोतरं अंथरली, आण्णांच्या देखरेखीखाली.

परत टी २. पोरांना निरोप दिला, रडारड झाली, आणि मी पुन्हा त्याच पार्किंगमध्ये. पोरगा दुसरा होता. किलोमीटर ४९,२९८, म्हणजे १,०८६ झाले, नऊशे वाया. तो सरळ मागं गेला आणि डावीकडं बंपरवर बोट ठेवलं. "हे नवीन आहे." मी मोबाईल काढला आणि व्हिडिओ त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं दोनदा बघितला, आणि काही न बोलता पुढच्या बाजूला आला. बॉनेटवर वाकला. आम्ही गाडी धुतली होती, पण कुंकू बॉनेटच्या फटीत बसलं होतं. त्यानं अंगठ्यानं घासलं, अंगठा लाल झाला. फोटो काढला.

डिपॉझिट आठवड्यानं परत आलं, साडेतीनशे कापून. मेसेजमध्ये कारण लिहिलं होतं: बॉनेटवर लाल डाग, स्वच्छता खर्च. मी तो मोठ्यानं वाचला.

आई भाजी निवडत होती. हात थांबला. "कुंकवाला डाग म्हणत्यात?"