जिन्याजवळची कुरकुर: फळी नव्हतीच ती!

मंडळी, आमच्या माडीच्या तक्तपोशीत (फळ्यांच्या जमिनीत) जिन्याच्या दाराशी एक हट्टी जागा आहे, पाय पडला की कुरकुरायची, काही केल्या गप्प बसेना. काल तिचं कारण सापडलं. पाचरा, स्क्रू, फटीत टाल्कम, सगळं तिच्यावर झालेलं होतं.

सुगावा पावसाने दिला. कासकडून ढग आले की साताऱ्याची हवा ओलावते, सागवान आडवं फुगतं, फटी मिटतात. शनिवार पेठेतल्या आमच्या घराच्या बाकीच्या फळ्या जुलैत आपोआप मुक्या होतात आणि चैत्रात पुन्हा तोंड उघडतात. ही बया मात्र भर पावसातही 'कुईं' करायची. म्हणजे आक्रसण्याशी संबंधच नाही, खाली काहीतरी हलतंय.

आईला वर चालायला लावलं. मी खाली घोडीवर, स्क्रूड्रायव्हरचं टोक कडीला (फळ्या पेलणाऱ्या लाकडी तुळईला), मूठ कानाला. "अरे, किती येरझाऱ्या घालू?" "अजून एक, दाराकडून!" जिन्याकडची कडी पायाखाली सूतभर लवते, तिच्या शेजारची भिंतीला चिकटून असल्याने ढिम्म. आणि दोन्हींवर आडवी ठोकलेली जुन्या वायरिंगची लाकडी पट्टी! एक कडी हलते, दुसरी हलत नाही, मधल्या मधे खिळा भोकात घासतो. वायर कधीच्या बंद आहेत, तरी मेन बंद करून टेस्टर लावला आणि पट्टी दोन कड्यांच्या मधोमध करवतीने कापली. आई चालली, मग मुद्दाम पाय आपटत चालली. चकार शब्द नाही! काय सांगू, पाचर ठोकून फळी गप्प करण्यात ही मजा नाही.

स्क्रूबद्दल विचारणाऱ्यांना: ते काळे ड्रायवॉलवाले (जिप्सम बोर्डाचे) जुन्या सागात वापरू नका, पटापट माना मोडतात. साधे वुड स्क्रू घ्या, आधी भोक पाडा, आट्यांना मेण चोळा. पितळी हवेत तर त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी फिरवून वाट करून घ्या.

आता कडी लवू नये म्हणून दिवाळीआधी कड्यांमध्ये आडवे ठोकळे बसवणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, ठोकळा जरा ढिला बसला की पट्टीचाच खेळ पुन्हा सुरू. त्यापेक्षा लवणाऱ्या कडीलाच बाजूने दुसरी कडी बोल्टने जोडली तर? वखारीत उतरवलेल्या वाड्यांचं सागवान येतं, वाळलेलं असतं, पुन्हा आक्रसण्याची भीती कमी. ठोकळे रद्द. कोणी अशी जोडकडी केली असेल तर बोल्ट किती अंतरावर घेतले ते सांगा.