हॅरो ते वॉटफर्ड: गाडीने २५ मिनिटं, मला लागले २१ महिने

परवा लंडनजवळच्या वॉटफर्डच्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीतल्या वादांच्या न्यायालयात, कंपनीविरुद्धच्या माझ्या भेदभावाच्या दाव्याची चार दिवसांची सुनावणी संपली. निकाल राखून ठेवलाय. डोकं अजून भणभणतंय, त्यामुळे लिहिताना कुठे जास्त तापले तर समजून घ्या. पण डिसेंबर २०२४ मध्ये, हे सगळं ताजं असतानाच लिहायला हवं. एकदा सुट्टीला सांगलीला गेले की यातलं काही आठवायची माझी इच्छा नाही.

प्रकरण एवढंच: १४ मार्च २०२३ ला माझी बढती नाकारली. तोंडी कारण दिलं ते असं, की माझ्या उच्चारांमुळे मला ग्राहकांपुढे बसवता येत नाही. जागा मिळाली ती माझ्या हाताखाली काम शिकलेल्या गोऱ्या मुलीला. ब्रिटनचा समानता कायदा २०१० काय आहे, त्यात ‘वंश’ या शब्दात रंग, राष्ट्रीयत्व आणि मूळही येतं, भेदभावाच्या दाव्याला दोन वर्षांची नोकरी लागत नाही, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरते. रोज दोन तास कागद चाळायची ताकद आहे हेही धरते. नसेल तर आधी ती कमवा, मग पुढचं वाचा.

मला सगळ्यात आधी फसवलं ते दाव्याच्या मुदतीने. तीन महिने उणे एक दिवस, म्हणजे माझ्यासाठी १३ जून. एचआरच्या बाई साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाल्या, “आधी आपली अंतर्गत तक्रार पूर्ण होऊ दे.” ओळखीतल्या एका काकांनीही तेच सांगितलं, वर ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हेही. साफ चूक. अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. ते थांबतं एकॅसकडे, म्हणजे नोकरीतल्या वादांत समेट घडवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, समेटाची नोंद केल्यावर. हे मला ९ जूनच्या रात्री साडेअकराला कळलं, चार दिवस उरलेले असताना. तक्रार कराच, कारण विनाकारण टाळली तर भरपाई २५ टक्क्यांपर्यंत कापली जाऊ शकते. पण एचआरच्या कॅलेंडरवर विसंबू नका. मी हे लिहिलं तेव्हा, डिसेंबर २०२४ मध्ये, मुदत सहा महिन्यांची करण्याचं संसदेत चाललं होतं. तो बदल प्रत्यक्ष लागू झालाय का ते तपासा, तोवर तीनच समजा.

एकॅसचा टप्पा सोपा होता, त्यावर वेळ घालवत नाही. समेट झाला नाही, प्रमाणपत्र आलं. त्यावरचा क्रमांक ईटी-वन, म्हणजे ट्रायब्युनलच्या दाव्याच्या फॉर्मवर जसाच्या तसा उतरवा, कंपनीचं नावही प्रमाणपत्रावर आहे तसंच लिहा.

आता पैसे. दावा दाखल करायला फी नाही. शून्य. २०१३ मध्ये ती लावली होती, भेदभावाच्या दाव्याला सुनावणीपर्यंत १,२०० पौंड व्हायचे. युनिसन या कामगार संघटनेने लढून २०१७ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयातून रद्द करून घेतली. तरीही एका सल्लागाराने माझ्याकडे ‘फाइलिंग फी’ मागितली! पावती द्या म्हटल्यावर तिचा ‘प्रशासकीय खर्च’ झाला. मी उठले आणि दुसरीकडे गेले. तिथल्या सॉलिसिटरने ९०० पौंड अधिक व्हॅट, एकूण १,०८० घेऊन तीन पानांचं मत दिलं. त्यातली दोन पानं म्हणजे कायद्यातली कलमं होती आणि उरलेल्या पानावर माझं आडनाव चुकलेलं होतं. माझ्या घराच्या विम्यात कायदेशीर खर्चाचं कलम होतं, हे मला पैसे भरल्यावर समजलं. तुम्ही आजच तुमची पॉलिसी काढा. युनियन असेल तर तिथे जा. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, लॉ सेंटर या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांकडे रांगेत थांबावं लागतं, पण ते तुमचं आडनाव विचारून लिहितात.

प्राथमिक सुनावणी व्हिडिओवर झाली, तासाभरात आटोपली. मुद्द्यांची यादी ठरली, तारखा मिळाल्या. छान.

आणि मग बंडल.

बंडल म्हणजे दोन्ही बाजूंचे सगळे कागद, एका क्रमाने, पान क्रमांक घालून. ऐकायला बाळबोध वाटतं. माझ्या आयुष्यातले सात आठवडे त्याने खाल्ले. कंपनीच्या वकिलांनी पाठवलेल्या पहिल्या गठ्ठ्यात एकेक ईमेल चार-चारदा होती, तारखा उलटसुलट, आणि जी ईमेल माझा सगळा दावा पेलत होती ती गायब. ती मला माझ्या स्वतःच्या माहितीची मागणी करून मिळाली होती. सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, फुकट असते, साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. तक्रारीच्या आधी करा. ही ओळ दोनदा वाचा.

त्या ईमेलमध्ये मॅनेजरने लिहिलं होतं, की ग्राहकांना ‘आपल्यातला’ आवाज लागतो. मी पत्रावर पत्रं पाठवली, तेव्हा कुठे ती आत घेतली. मधे खुपसायची म्हणून तिचा क्रमांक झाला ३४७-अ. यानंतर मी एक मूर्खपणा केला. ६१२ पानांचे चार संच छापून आणले, पानाला दहा पेन्स, २४४ पौंड ८० पेन्स. आदेशाच्या सातव्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं की छापील प्रती कंपनीने आणायच्या आहेत. मी आदेश वाचला होता, पण फक्त तारखांसाठी. संपूर्ण वाचा, बाळांनो.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरची उलटतपासणी मीच घेतली. “कृपया पान ३४७-अ पाहा.” साक्षीदाराच्या टेबलावरच्या संचात ३४७ नंतर थेट ३४८. खोलीत शांतता. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी माझ्या पिशवीतून तो कागद काढून दिला. म्हणजे अडीचशे पौंडांत एक पान कामाला आलं. पण आलं! त्या रात्री परतीच्या गाडीत मी एकटीच हसत होते, समोरच्या माणसाने डबा बदलला.

उलटतपासणी कशी असते हे बघायचं असेल तर सुनावणी सगळ्यांना खुली असते, आधी एखादी बसून पाहा. मी पाहिली नाही, माझं चुकलं. विग-गाऊन नसतात. तुमचं निवेदन वाचून घेतलेलं असतं, थेट प्रश्नच सुरू होतात. शपथ गीतेवर घेता येते, धर्माशिवाय प्रतिज्ञाही करता येते. सगळ्यात विचित्र नियम हा, की साक्ष अर्धवट असताना जेवणाची सुट्टी झाली तर प्रकरणाबद्दल कुणाशीही बोलायचं नाही. नवरा रजा काढून आला होता. आम्ही दोघं वीस मिनिटं पोळीभाजी खात हवामानावर बोललो. लग्नाला अकरा वर्षं झाली, इतकं हवामान कधी बोललो नव्हतो.

‘ती गोरी, मी नाही’ एवढ्यावर दावा टिकत नाही. फरक वंशामुळेच झाला असं म्हणता येईल असं आणखी काहीतरी दाखवावं लागतं, मग स्पष्टीकरण द्यायचा भार कंपनीवर जातो. तुमचं ३४७-अ कोणतं, ते पहिल्या महिन्यात ठरवा. नसेल तर जाऊ नका. कठोर वाटेल, पण पाचशे कागदांत पाच मुद्दे विखुरणाऱ्याचं काय होतं ते मी माझ्याच इतर दोन मुद्द्यांवर पाहिलंय.

आपल्या मराठी मंडळात दोघांनी हळूच जातीबद्दल विचारलं. कायद्यातल्या ‘वंश’च्या व्याख्येत जात हा शब्द नाही. पण २०१४ च्या चंढोक विरुद्ध टिर्की या प्रकरणात अपील ट्रायब्युनलने म्हटलं, की वांशिक मुळाच्या व्याख्येत ती बसू शकते. वाट आहे, पण वकिलाशिवाय त्या वाटेने जाऊ नका.

भरपाईची स्वप्नं बेताची ठेवा. भावना दुखावल्याबद्दलच्या भरपाईचे पट्टे, म्हणजे रकमेचे ठरलेले टप्पे, असतात. माझ्या दाव्याच्या वेळी खालचा १,१०० ते ११,२०० पौंड, मधला ३३,७०० पर्यंत. आकडे दर एप्रिलला बदलतात. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर नोकरी सोडण्याआधी, त्यानंतर देशात राहायला मिळणाऱ्या साधारण ६० दिवसांचा हिशोब करा. कंपनी सोडून लढणं आणि देश सोडून लढणं यात फार अंतर आहे.

वॉटफर्ड जंक्शनहून क्लॅरेंडन रोड धरा, इमारत चालण्याच्या अंतरावर. डबा न्या.

आणि एक. ट्रायब्युनलचे निकाल २०१७ पासून सरकारी संकेतस्थळावर नावानिशी येतात, हरलात तरी आणि जिंकलात तरी. पुढच्या नोकरीतली एचआर तुमचं नाव शोधणारच. तडजोड करायची की नाही हे ठरवण्याआधी हे माहीत असायला हवं. मला ते पहिल्या दिवशी सकाळी शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईंनी सांगितलं, तेव्हा समोरच्या भिंतीवर आजच्या प्रकरणांच्या यादीत माझं नाव आडनावासकट लागलेलं होतं. या वेळी अचूक.